घरच्या माणसांची पुडी

इबू विद्यानीच्या, म्हणजे आमच्या मालकीणबाईंच्या घरी आम्हांला काय म्हणायचं, ते दर ओदालानला बदलायचं. ओदालान म्हणजे घरच्या देवळाचा वाढदिवस. तो जवळ आला की त्यांच्या अंगणातल्या ओट्यावर आम्ही बायका माडाची कोवळी पानं कापत, टाचत, विणत बसायचो. माझी आजी डच साहेबाच्या बंगल्यावर 'बाबू' होती, म्हणजे धुणीभांडी करणारी. आई याच घरात 'पंबांतू' होती, मदतनीस. माझ्या वेळी इबू देनपसार शहरात कसलासा वर्ग करून आली आणि म्हणाली, मदतनीस हा शब्द कमीपणाचा आहे, आजपासून तुम्ही सगळ्या असिस्टंट. पुढच्या खेपेला आमची टीम झाली. आणि यंदा पिवळे टी-शर्ट आले. छातीवर ठसठशीत छापलेलं, 'विद्यानी परिवार'.

"घ्या, आलो एकदाच्या घराण्यात," मेन गार्ती टी-शर्ट उलटासुलटा करत म्हणाली. मेन गार्ती म्हणजे गार्तीची आई. माझ्या शेजारची, माझ्याच वयाची, जिभेला हाड नसलेली. "आता वाटणीत नदीकाठचा तो बंगला मी मागणार. केतुत, तू काय मागशील?"

"गप्प बैस गं. ऐकतील."

"ऐकू देत की. घरच्याच ना आपण?"

आमचा आपापसातला शब्द मात्र कधी बदलला नाही. न्गायह. देवाचं काम निघालं की आपले हात घेऊन जायचं, काय मिळेल ते विचारायचं नाही, आणि निघताना देवापुढून उतरलेला प्रसाद केळीच्या पानात बांधून देतील तो कपाळाला लावून घ्यायचा. ती पुडी घरी नेली तर घरच्यांनाही पुण्य लागतं. हात धुतल्याशिवाय मी ती कधी सोडली नाही.

ओट्यावर मधल्या चटईवर जेरो सांदात बसायची. दीक्षा घेतलेली, गावाची मुख्य पूजा मांडणारी. तिने मांडल्याशिवाय देवाला काही पोचत नाही. मी विधवा झाले त्या वर्षी तिने मला बोलावून घेतलं आणि पान कसं धरायचं इथपासून शिकवलं. लोकांपुढे ती म्हणायची, "केतुत म्हणजे माझा उजवा हात." मला ते ऐकून आत कुठेतरी ऊब वाटायची. मेन गार्ती खालच्या आवाजात म्हणायची, "हात इतका राबतो, पण मानाच्या चटईपर्यंत काही पोचत नाही." मी तिला चिमटा काढायचे.

पण आता तोही दिवस आला होता. जेरोच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, बांबूच्या काड्या तिच्या बोटांत शिरायच्या. येत्या पौर्णिमेला पेदंडांच्या, म्हणजे आमच्या गुरुजींच्या घरी माझी दीक्षा ठरली होती. दीक्षेशिवाय बाई जन्मभर पानं कापू शकते. पूजा मांडू शकत नाही, तोंडाने मंत्र म्हणू शकत नाही. दीक्षेनंतर मी जेरो होणार होते. तिची चटई माझी होणार होती.

त्यासाठी माझं व्रत चालू होतं. पांढरा भात, मीठ, उकडलेला पाला, आणि देवापुढून आलेला प्रसाद. बाकी काही नाही. माणसाचं उष्टं तर मुळीच नाही. एकच उष्टं चालतं आणि ते अगदी शेवटी येतं: दीक्षेच्या दिवशी गुरू आपल्या पानातून आधी स्वतः जेवते आणि त्याच पानातला एक घास शिष्येला भरवते. आमच्यात थोरल्याचं उष्टं धाकट्याने खावं, आईचं लेकीने, गुरूचं शिष्येने. तो मान आहे. उलटं कधी होत नाही. त्या घासाची मी किती वाट पाहत होते, हे कुणाला सांगितलं नव्हतं. मेन गार्तीलाही नाही.

ओदालानच्या दिवशी आम्ही लेस-जाळीचा पूजेचा सदरा सोडून पिवळे टी-शर्ट घातले, कारण इबूला फोटो हवा होता. देवळात वाजंत्री वाजली, तीर्थ शिंपडलं गेलं, फळांचे आणि वड्यांचे उंच मनोरे देवापुढे चढले आणि उतरले. मग पाहुण्यांची पंगत बसली. देनपसारहून मोठमोठी माणसं आली होती, बायका उंच टाचांच्या चपला दारात काढून कमरेचे शेले सावरत आत जात होत्या. आम्ही स्वयंपाकघरामागे केळीच्या बेटाजवळ बसलो. मेन गार्ती पाणी आणायला गेली ती हसत परत आली.

"प्रसादाच्या टोपल्या गाड्यांच्या डिकीत चालल्यात. त्या जाड्या बाईला तर दोन. देवाने तिच्याकडे बघूनच हात आखडला असेल."

"आणि आपलं?"

"आपलं आत बांधतायत म्हणे. घरच्या माणसांचं शेवटी."

थोड्या वेळाने पुड्या आल्या. केळीच्या पानात नीट बांधलेल्या, वर काडी टोचलेली, आणि काडीत लाल फूलसुद्धा. जेरोने आपली पुडी उचलली आणि नेहमीसारखी माझ्या पुढ्यात ठेवली.

"मला पचत नाही गं आता. तू खा. उपासाने गळून गेलीस."

"तुम्ही दर वेळी मलाच देता, जेरो."

"तुला देणार नाही तर कुणाला? प्रसादच आहे, व्रताला चालतो."

ती ओदालानच्या पुड्या नेहमी चिमटीत धरायची, हात अंगापासून लांब करून. मला वाटायचं, पांढऱ्या सदऱ्याला तेल लागू नये म्हणून.

मी हात धुतले. शितं जमिनीवर ठेवून धरतीला दिली. मग तिने दिलेली पुडी उघडली. भात होता, खोबरं-मसाल्यात कालवलेला भाजी-मांसाचा लावार होता, मांसाचे तुकडे ओवलेल्या दोन काड्या होत्या. मी खाल्लं. भूक होती, आणि देवाचं होतं, म्हणून डोळे मिटूनच चार घास खाल्ले. पाचव्याला बोटांना काहीतरी चिकट लागलं म्हणून पाहिलं.

गूळखोबऱ्याची वडी होती. एका बाजूने चावलेली. चावा अर्धगोल, दातांच्या रेघा उमटलेल्या, आणि कडेला लालभडक ओठांचा रंग लागलेला. तो रंग गुळाच्या पाकात ओघळून खालच्या भातात उतरला होता. तो भात मी खाल्ला होता. मी बोटाने भात बाजूला केला. खाली पिळून चोथा झालेली लिंबाची फोड, चोखून पांढरं केलेलं कोंबडीचं हाड, आणि हाडाला चिकटलेली दात कोरायची काडी. काडीच्या टोकाला काहीतरी होतं. मी ते नीट पाहिलं नाही, तरी ते दिसलंच.

केळीच्या बेटामागे मोरी होती. तिथवर जेमतेम पोचले. भात बाहेर आला, मग नुसतं पाणी, मग काहीच नाही. मागे मेन गार्तीने आपली पुडी उलगडलेली ऐकू आली.

"अगंबाई," ती म्हणाली. "माझ्यात तर सिगारेटची राख आहे. पाहुणा शौकीन दिसतो."

ती हसली, आणि मग हसणं मध्येच थांबलं. माश्या एव्हाना जमल्या होत्या.

जेरो काठी टेकत माझ्याजवळ आली. "ओरडू नका कुणी. केतुत, चूळ भर. माझ्याजवळ तीर्थ आहे, देते. कुणी पाहिलेलं नाही. पौर्णिमा अशी तोंडावर आलीय."

मी चूळ भरली. तीर्थ घेतलं. आयुष्यात मी कुणाशी वरच्या आवाजात बोलले नाही, आणि तेव्हाही माझा आवाज काही चढला नव्हता. मी ती पुडी दोन्ही तळहातांवर घेतली आणि पुढच्या ओसरीवर गेले. वाटेत मला खात्रीने वाटत होतं की चूक झाली असेल. आचाऱ्याची, वाढप्याची, कुणाची तरी. एवढ्या मोठ्या घरातून मुद्दाम असं कोण करेल?

इबू विद्यानी दोन पाहुण्या बायकांबरोबर वेताच्या खुर्चीत बसली होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला.

"ये, ये केतुत! बघा, ही आमची केतुत. कामवाली नाही हं, आमच्या घरचीच."

"इबू," मी म्हटलं, "पुड्यांची अदलाबदल झाली वाटतं. यात उष्टं आलंय."

तिने पुडीकडे पाहिलं. तिला नवल वाटलं नाही. ती पुढे वाकून गोड आवाजात म्हणाली, "अगं, किती चांगलं अन्न होतं. निम्म्यांनी तर हातसुद्धा लावला नाही. टाकून द्यायचं का? पाप नाही लागणार?"

"प्रसाद म्हणून आलं हो आमच्याकडे."

"देवळाच्या अंगणातच शिजलं ना? मग झालं तर."

"माझं व्रत आहे."

"मला ठाऊक आहे गं. पण आपण घरची माणसं. घरात उष्टं-बिष्टं कोण बघत बसतं? माझ्या आईच्या पानातलं मी अगदी लग्न होईपर्यंत खाल्लंय."

"आईच्या पानातलं."

"तेच तर म्हणते मी."

मी तिच्या पायाशी बसले. असं काही करायचं ठरवून मी आले नव्हते. "इबू, थोरल्याचं धाकट्याने खायचं. तुमचा जन्म झाला तेव्हा माझ्या आईने तुम्हांला न्हाऊ घातलं आणि मी चुलीपुढे पाणी तापवत होते. तुमच्याहून मी थोरली." मी पुडी तिच्यापुढच्या मेजावर ठेवली, चहाच्या कपांच्या मधोमध. भातात माझ्या बोटांचे खड्डे होते. "यातलं मी खाल्लंय. हे आता माझं उष्टं. आपण घरची माणसं. खा."

तिचं नाक आक्रसलं. कागदी रुमाल तोंडावर गेला आणि खुर्ची फरशीवर कर्रकन मागे सरकली. पाहुण्यांपैकी एकीला हसू फुटलं. तिने ते खोकल्यात घातलं. तिच्या ओठांना तोच लालभडक रंग होता.

"हा काय घाणेरडेपणा!" इबू म्हणाली. "उचल ते. जेरो! जेरो, तुमच्या या बाईला आवरा आधी."

घरच्या माणसाची बाई व्हायला एवढाच वेळ लागला.

जेरो खांबाला धरून उभीच होती. ती पुढे आली, कमरेत वाकली. "माफ करा, इबू. उपासाने डोकं फिरलंय हिचं. चांगली आहे एरवी." आणि तिने मेजावरची माझी पुडी उचलली. अंगठा आणि पहिलं बोट, बाकीची बोटं वर, हात अंगापासून लांब. सापळ्यातला मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात, तशी.

ती पकड मी ओळखत होते. दर ओदालानला तीच पकड माझ्यापर्यंत यायची, माझ्या पुढ्यात सुटायची, आणि वर यायचं, तू खा गं, मला पचत नाही.

मी तिच्यामागून स्वयंपाकघराच्या मागे गेले. तिने पुडी डुकरांच्या बादलीत टाकली आणि बोटं धुतली. एकदा धुतली, वास घेतला, परत धुतली.

"जेरो, तुम्हांला माहीत होतं."

"काय?"

"पुड्यांत काय असतं ते."

ती बोटं झटकत राहिली. "दर वेळी नसतं. कधी कधी खरा प्रसादही येतो."

"मग टाकून का नाही दिलीत?"

"इथे टाकली तर त्यांच्या नजरेस पडेल. एवढं मोठं घर, गावाचं अर्धं काम यांच्यावर. घरी नेली तर वाटेत दहा जण विचारतील."

"म्हणून मला."

"मला दीक्षा आहे, केतुत." तिचा आवाज दुखावलेला होता. "मी बाटले तर गावाची पूजा कुणी मांडायची? मी कशी खाणार?"

"आणि मी कशी खाणार होते?"

तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. तिला प्रश्न खरोखर कळला नव्हता. "तू? तू तर हाताखालची," ती म्हणाली. त्यात काही खोट नव्हती, राग नव्हता. माडाला नारळ लागतात म्हणावं, तसं ती म्हणाली. मग तिला माझी दया आली असावी, कारण तिने माझ्या दंडावर तो ओला हात ठेवला. "आता पौर्णिमेपर्यंतच. मग तूही खायची नाहीस. तुझ्या हाताखाली कुणीतरी येईलच की."

केळीच्या बेटाजवळ मेन गार्ती परत सदरा चढवून पिवळ्या टी-शर्टने मोरीचा काठ पुसत होती. जेरोची मान सहज तिच्याकडे वळली होती.

माझ्या दंडावर तिच्या ओल्या बोटांचे ठसे होते. घरी गेल्यावर मी तो दंड राखेने घासला.

दुसऱ्या दिवशी मी पेदंडांच्या घरी गेले. सगळं सांगायला गेले होते, पण त्यांच्या पत्नीपुढे बसल्यावर एवढंच बोलले की व्रत मोडलं, प्रसाद समजून उष्टं खाल्लं, दीक्षेचा दिवस पुढे ढकला. त्यांनी विचारलं, "माहीत असून खाल्लंस?"

"नाही."

"मग ते तीर्थाने धुऊन निघतं. पौर्णिमा सोडू नकोस. आणखी काही आहे का?"

त्यांनी फार मायेने विचारलं होतं. मी म्हटलं, "नाही." कुणाबद्दल सांगायचं? इबूबद्दल सांगावं तर त्यांच्या ओसरीवरचं नवं छप्पर इबूनेच घातलेलं. जेरोबद्दल बोलायला माझी जीभच उचलत नव्हती.

पौर्णिमेला पहाटे मी न्हाले. पांढरं-पिवळं नेसले. आकाश लख्ख होतं. पेदंडांनी घंटा वाजवली, फुलं डोक्यावर आली, तीर्थाचे थेंब मानेवरून पाठीत उतरले. मग त्यांनी मधात बुडवलेल्या काडीने माझ्या जिभेवर अक्षर लिहिलं. मध गोड होता. मला रडू आलं, आणि मला वाटलं, सगळं निघून गेलं, मी आता स्वच्छ आहे.

शेवटी जेरोचं पान आलं. तिने माझ्यासमोर बसून त्यातला भात खाल्ला, तीन घास, सावकाश चावून. तिचं वय फार दिसत होतं. ओठांच्या कडेला एक शीत चिकटलं होतं. मग तिने नवा घास वळला आणि माझ्यापुढे धरला. या वेळी चिमटीत नव्हता धरला. पूर्ण तळहातावर होता, खाली दुसरा हात, आईने धरावा तसा. मुख्य म्हणजे ती हसत होती. मनापासून.

माझं तोंड उघडेना.

मी अडून बसले नव्हते. मी उघडायचा प्रयत्न केला. पण मला तिच्या तळहातावरचा घास दिसत नव्हता. भातात उतरलेला लाल रंग दिसत होता, आणि हा घास गिळला की पुढच्या ओदालानला केळीच्या बेटाजवळ मी पुडी चिमटीत धरून उभी आहे, आणि मेन गार्ती हात धुऊन बसली आहे, हे दिसत होतं. जिभेवरच्या मधाखाली आंबट पाणी सुटलं. मी दात आवळून ते गिळलं.

"केतुत," पेदंडांची पत्नी हळू म्हणाली. "घे बाळा."

जेरो थोडी पुढे सरकली. तिने घास माझ्या ओठांना लावला. शितं हनुवटीवरून खाली, नव्या पिवळ्या वस्त्रावर पडली. मला तिच्या बोटांना साबणाचा वास आला. मी मान मागे घेतली.

तेव्हा तिला कळलं. मोतीबिंदू उतरलेल्या त्या डोळ्यांतही ते दिसलं. तिने हात मागे घेतला, घास परत पानावर ठेवला आणि पान मिटून आपल्या मांडीवर धरून बसली. अंगणातली कोंबडी ओसरीवर चढली आणि माझ्यापुढची शितं टिपायला लागली.

"आज राहू दे," पेदंड म्हणाले, आणि घंटा खाली ठेवली.

दाराबाहेर मेन गार्ती नवा सदरा घालून, डोक्यावर फळांची टोपली घेऊन माझ्या मिरवणुकीसाठी उभी होती. "झालं? आता तुला जेरो म्हणायचं ना गं? आधीच सांगते, मी काही वाकून बोलणार नाही." मग तिने माझ्या वस्त्रावरचे डाग पाहिले. "काय झालं?"

"खाववलं नाही," मी म्हटलं.

टोपली खाली उतरवून तिने मला एक केळं सोलून दिलं, सबंध, तिने न चाखलेलं. मी ते खाल्लं नाही, पण हातात धरून घरापर्यंत चालत आले. घरी चुलीला, विहिरीला आणि दाराला रोजची चार शितं ठेवली. मग भात वाढून घेतला, मीठ घेतलं, आणि व्रताचा पहिला दिवस म्हणून पुन्हा मोजायला सुरुवात केली. गुरू कोण, ते अजून ठरायचं आहे.